आगगाडीने स्कार्बरोला : पाच बायकांची एक सहल

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सुचवले, तेव्हा विषयही त्यांनीच देऊन टाकला : "परदेशात पाहिलेले काहीतरी सांगा." मुलीकडे इंग्लंडात चार महिने राहून आल्यापासून जी ती मला लंडनचे विचारते. राजवाडा पाहिला का, तो मोठा घड्याळाचा मनोरा पाहिला का, नदीवरचा उघडणारा पूल पाहिला का? पाहिले. पण लंडन सांगणाऱ्या आपल्यात पुष्कळजणी आहेत, आणि हल्ली ते घरबसल्या पडद्यावरही दिसते. म्हणून मी आज त्या वाटेला जाणार नाही. मी सांगणार आहे ती एका मंगळवारची, पाच बायकांनी मिळून आगगाडीने केलेली, इंग्लंडच्या उत्तर भागातल्या समुद्रकाठची सहल. या सहलीचा आपल्या मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीशी संबंध आहे. तो शेवटी सांगेन. तोवर जरा धीर धरा.

माझी मुलगी राहते ते लीड्स हे यॉर्कशर परगण्यातले मोठे शहर. एके काळी लोकरीच्या गिरण्यांचे, पुढे तयार कपड्यांच्या कारखान्यांचे. हजारो बायकांनी तिथे यंत्रावर बसून कोट-विजारी शिवल्या. मुलीच्या घराजवळच्या वाचनालयात दर गुरुवारी दुपारी बायका विणकाम घेऊन जमतात. मुलगी आणि जावई कामावर गेले की घर कसे खायला उठते, ते परदेशी मुलांकडे राहून आलेल्या तुमच्यापैकी कित्येकींना ठाऊक आहे. मीही लोकर आणि सुया घेऊन तिथे जाऊ लागले. तिथेच आम्हा पाचजणींचे जमले. एक नागपूरकडच्या काकू, रुग्णालयात परिचारिका म्हणून आयुष्य काढलेल्या. एक गुजराती बेन, नातवंडांत बुडालेल्या. एक इंग्रज बाई, निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडे कोणतीही गोष्ट विचारली की सनावळीसकट उत्तर मिळे. एक पंजाबी बेहेनजी, वय सत्तरीचे. आणि पाचवी मी.

बेहेनजी लग्न होऊन लीड्सला आल्या त्याला चाळीस वर्षे होऊन गेली होती. त्यातली पुष्कळशी वर्षे त्यांनी शिवणाच्या कारखान्यात काढली. एका गुरुवारी समुद्राचा विषय निघाला, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "मी इथला समुद्र एकदाच पाहिला आहे, मोटारीच्या काचेतून." यजमानांनी एकदा सगळ्यांना मोटारीने नेले होते, पाऊस लागला, मुले लहान होती, म्हणून त्या गाडीतच धाकट्याला घेऊन बसल्या आणि तशाच परत आल्या. पुढे मुले मोठी झाली, यजमान गेले, आणि समुद्र राहूनच गेला. लीड्सहून तो शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर मुळीच नव्हता, आणि म्हणूनच की काय, आम्ही बाकीच्या चौघी एकदम गप्प झालो. नागपूरच्या काकूंनी सुया खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, "मग येत्या मंगळवारी जायचे."

मंगळवार एवढ्यासाठी की शनिवार-रविवारी गर्दी. आणि आगगाडी एवढ्यासाठी की आमच्यापैकी मोटार चालवणारी एकच, आणि पाचजणींची जबाबदारी एकीच्या अंगावर नको. शिवाय तिकडे तीन ते नऊ माणसांनी मिळून, गर्दीच्या वेळा टाळून प्रवास केला, तर तिकिटात तिसरा हिस्सा सूट मिळते. प्रत्येकीने आपापल्या पाकिटातून पैसे काढायचे, मुला-जावयाचे कार्ड चालवायचे नाही, असा नियम बेननी घातला, आणि तो सर्वांना आवडला.

लीड्सहून स्कार्बरोला थेट गाडी जाते. साधारण सव्वा तासाचा प्रवास. पंचवीसएक मिनिटांत यॉर्क येते. तिथले स्टेशन १८७७ सालचे, लोखंडी कमानींचे उंच छप्पर धनुष्यासारखे वळत गेलेले. यॉर्क सोडल्यावर मात्र गाडीची चाल मंदावते, कारण पुढे रूळ डरवेंट नदीच्या काठाकाठाने वळणे घेत जातात. डाव्या-उजव्या हाताला हिरवी कुरणे, मेंढ्या, आणि मध्येच कर्कम नावाच्या एका जुन्या मठाचे पडके अवशेष. आम्ही खिडकीशी समोरासमोर बसलो. काकूंनी डबा उघडला. मेथीचे ठेपले बेनचे, तिळाची चटणी माझी, आणि इंग्रज बाईंनी आणलेले काकडीचे सँडविच. बेहेनजी खिडकीला नाक लावून बसल्या होत्या.

या लोहमार्गाची हकीकत आमच्या शिक्षिकाबाईंनी सांगितली. यॉर्क ते स्कार्बरो रूळ पडले १८४५ च्या जुलै महिन्यात. म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या पहिल्या गाडीच्या, १८५३ च्या, आठ वर्षे आधी.  स्कार्बरो तेव्हा श्रीमंतांचे हवा खाण्याचे ठिकाण होते. रेल्वे व्हायच्या आधी, १८४० मध्ये, तिथल्या एका गृहस्थाने पत्रक काढून विरोध केला. म्हणणे असे की रेल्वे आली तर खिशात पैसा नसलेली माणसे गावात येतील, आणि अशांची गावाला गरज नाही. मैत्रिणींनो, ती माणसे आली! हजारोंनी आली. गिरणीतल्या मुली आल्या, मोलकरणी आल्या, शाळेतली पोरे आली. आणि त्यांच्याच आठ-चार आण्यांवर ते गाव वाढले.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट. टॉमस कुक नावाच्या एका सुताराने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे खास गाडीने नेली. तिकीट एक शिलिंग. सभा कशाची, तर दारूबंदीची. पुढे त्याच नावाची जगभर सहली काढणारी मोठी कंपनी झाली. एका दिवसाची, सर्वांनी मिळून, स्वस्तात करायची सहल ही कल्पना अशी एका सभेतून जोर धरून वाढली. नंतर १८७१ मध्ये जॉन लबक यांनी पार्लमेंटात बँकांच्या सुट्ट्यांचा कायदा करवून घेतला आणि ऑगस्टातल्या पहिल्या सोमवारी सुट्टी मिळू लागली. तो सोमवार आता महिन्याच्या शेवटी गेला आहे. शेजारच्या लँकेशर परगण्यात कापडाच्या गिरण्या. तिथल्या कामगार बायका वर्षभर दर आठवड्याला थोडेथोडे पैसे मंडळीत जमा करीत, आणि उन्हाळ्यात गिरणी बंद ठेवण्याच्या आठवड्यात ते घेऊन समुद्रावर जात. आपल्या भाषेत सांगायचे तर सहलीची भिशी. हा शब्द मी मनात टिपून ठेवला आहे. पुढे उपयोगी पडेल.

स्कार्बरोच्या फलाटावर उतरलो तो पहिली मौज म्हणजे एक बाक. १८८३ मध्ये बसवलेला, सलग, चारशे छप्पन्न फूट लांबीचा! सहलीहून परतणारे शेकडो लोक गाडीची वाट पाहत बसावेत म्हणून. आमच्या गुडघ्यांनी त्या बाकाला मनोमन नमस्कार केला.

पण दुसरी गोष्ट मौजेची नव्हती. स्टेशनाबाहेर आलो आणि पाहतो तो धुके. लीड्सला लख्ख ऊन टाकून आलो होतो, आणि इथे शंभर पावलांपलीकडचे दिसेना. शिक्षिकाबाई म्हणाल्या, याला इकडे 'फ्रेट' म्हणतात. उत्तर समुद्राचे पाणी फार गार; भर उन्हाळ्यातही चौदा-पंधरा अंशांपलीकडे सहसा जात नाही. जमिनीकडची उबदार, दमट हवा त्या गार पाण्यावरून गेली की तिच्यातले बाष्प निवून दाट धुके होते आणि वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर सरकते. मैलभर आत ऊन असते आणि काठावर काही दिसत नाही. कधी ते दुपारपर्यंत विरते, कधी दिवसभर बसून राहते.

बेहेनजी काही बोलल्या नाहीत. नुसते हसून म्हणाल्या, "आज मोटारीची काच नाही, तर देवाने दुसरी लावली."

आम्ही उतारावरच्या रस्त्याने खाली निघालो. त्या गावाची रचना समजून घ्यायची तर मध्ये एक उंच डोंगरकडा समुद्रात घुसलेला, त्यावर बाराव्या शतकातला किल्ला. त्याच्या उत्तरेला एक उपसागर, दक्षिणेला एक. गाव वरती कड्यावर, वाळू खाली. चढ-उतार असा की वयस्कर माणसाची परीक्षाच. पण त्यांनी त्यावर युक्ती काढली आहे. १८७५ मध्ये तिथे कड्यावरून खाली जाणारी उताराची गाडी सुरू झाली; इंग्लंडातली अशी ती पहिलीच. दोन डबे एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेले, एक खाली जातो तेव्हा दुसरा वर येतो. तेव्हा वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरत, म्हणजे तो जड होऊन उतरे आणि खालच्याला ओढून वर आणी. विहिरीच्या रहाटाचेच तत्त्व म्हणा ना. आम्ही बसलो ती दुसरी, मध्यभागातली, १८८१ सालची. पाचजणी त्या लाकडी बाकांवर दाटीने बसलो आणि धुक्यातून खाली उतरलो. पायरी एकही उतरावी लागली नाही.

खाली वाळू होती, पण समुद्र नुसता ऐकू येत होता. आता दिवस काढायचा कसा? इथे शिक्षिकाबाईंचा उपयोग झाला. त्यांनी आम्हांला बंदराकडे नेले आणि त्या गावातल्या बायकांच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली.

पहिली गोष्ट झऱ्याची. १६२६ च्या सुमारास फॅरर नावाच्या घरंदाज बाईंना दक्षिण किनाऱ्यावर, कड्याच्या पायथ्याशी, एक झरा दिसला. त्याच्या पाण्याने दगड तांबूस झाले होते. त्यांनी ते पाणी चाखले, तुरट-कडवट लागले, त्यात औषधी गुण असावा असे त्यांना वाटले, आणि त्यांनी ते आजारी शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायला सुरुवात केली. पुढे १६६० मध्ये एका डॉक्टरांनी त्या पाण्यावर पुस्तक लिहिले, मग उमराव येऊ लागले, मग समुद्रस्नानाची टूम निघाली. १७३५ सालच्या एका चित्रात स्कार्बरोच्या वाळूवर चाकांची खोली दिसते. तिच्यात कपडे बदलायचे, खोली पाण्यात ढकलायची, आणि कोणाच्या नजरेला न पडता पाण्यात उतरायचे. हे सर्व ऐश्वर्य एका बाईच्या चौकस जिभेपासून सुरू झाले म्हणा.

दुसरी गोष्ट हेरिंग नावाच्या मासळीची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडच्या मुली मासळीच्या थव्यामागोमाग किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे येत. होड्या पाण्यातून, मुली आगगाडीने. तिघींची एक टोळी : दोघी मासळी चिरून साफ करायच्या, तिसरी ती मिठाचे थर देत पिंपात रचायची. हात कापू नयेत म्हणून बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळायच्या. तरी कापायचेच, आणि मग त्या जखमेत मीठ. कामातून मोकळ्या झाल्या की चालता चालताही हातांत विणकाम. हे ऐकताना मला आपल्या वेसाव्याच्या कोळणी आठवल्या. समुद्र म्हणजे आपल्याला हवा खाण्याची जागा. पण पोटासाठी त्याच्याशी झटणाऱ्या बायका दोन्हीकडे होत्याच. बेहेनजींनी आपल्या उजव्या हाताचे पहिले बोट पुढे केले. त्यावर यंत्राच्या सुईची जुनी खूण होती. त्या म्हणाल्या, "आम्हीही चिंधी बांधत होतो." नागपूरच्या काकूंनी ते बोट हातात घेऊन निरखून पाहिले.

दुपारच्या जेवणाची गंमत सांगते, कारण पुढे कोणी त्या बाजूला गेलीत तर कामास येईल. समुद्रकाठी मासळी आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी हे तिथले ठरलेले खाणे. शाकाहारी बायका म्हणतील, नुसते बटाटे घेऊ. पण यॉर्कशरमध्ये पुष्कळ दुकानांतून हे पदार्थ गाईच्या चरबीत तळतात. बेननी आणि मी आधी चौकशी केली. दोन दुकानदारांनी सरळ सांगितले की इथे तुम्हांला चालणार नाही. तिसऱ्याकडे वनस्पती तेलाची कढई वेगळी होती. विचारायला लाजायचे नाही. तेही उत्तर द्यायला लाजत नाहीत. कागदात गुंडाळलेले गरम बटाटे घेऊन आम्ही बंदराच्या भिंतीशी बसलो. तिथले समुद्रपक्षी मोठे धीट. हातातला घास उचलून नेतात. त्यांना खायला घालू नका अशा पाट्या जागोजाग लावलेल्या. एकाने शिक्षिकाबाईंच्या हातातला तुकडा नेला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "हा माझा जुना विद्यार्थी असावा."

आणि जेवण संपता संपता, दीड वाजण्याच्या सुमारास, धुके उठले. पडदा सरकवावा तसे एकदम नव्हे हो. आधी बंदरातल्या होड्यांच्या डोलकाठ्या दिसल्या, मग दीपगृह, मग किल्ल्याचा कडा, आणि शेवटी पाणी. निळे नव्हे, शिसवी राखाडी, आणि त्यावर ऊन. भरती ओसरलेली होती. ओली वाळू लांबवर चकचकत होती. मुलांना पाठीवर घेऊन फिरवणाऱ्या गाढवांची रांग घुंगरांचा आवाज करीत निघाली.

बेहेनजी उठल्या. त्यांनी बूट-मोजे काढले, सलवार घोट्यावर दुमडली आणि कोणाची वाट न पाहता चालू लागल्या. आम्ही मागोमाग. पाणी इतके गार की पहिल्या लाटेला बेन "ओ मा!" म्हणून ओरडल्या. मी साडीच्या निऱ्या वर खोचल्या. बेहेनजी मात्र पोटऱ्यांपर्यंत पाण्यात स्थिर उभ्या. पाच मिनिटे, दहा मिनिटे. शेवटी परिचारिका काकूंनी दटावले, "आता बाहेर या, पाय बधिर होतील." त्या वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहून आम्ही कोणी काही विचारले नाही. त्या आपणहून म्हणाल्या, "कोणाला सांभाळायचे नव्हते, म्हणून बघता आला."

मैत्रिणींनो, हे वाक्य मी तिकडून आणलेली भेटवस्तू समजा.

नंतर बेन आणि बेहेनजी वाळूतल्या खुर्च्यांवर बसल्या, आणि आम्ही तिघी बसने वर सेंट मेरीच्या देवळाकडे गेलो. तिथे एक कबर पाहायची होती. इंग्रजी वाङ्मय वाचलेल्यांना ब्राँटे भगिनी माहीत असतील. शार्लट, एमिली आणि अ‍ॅन, तिघीही कादंबरीकार. धाकटी अ‍ॅन ही श्रीमंतांच्या घरी मुलांना शिकवायला राहत असे आणि त्या कुटुंबाबरोबर दर उन्हाळ्यात स्कार्बरोला येई. समुद्राचे तिला वेड लागले. पुढे तिला क्षय झाला. भाऊ आणि एमिली काही महिन्यांपूर्वीच गेलेली. १८४९ च्या फेब्रुवारीत तिच्या धर्ममातेने मृत्युपत्रान्वये तिच्यासाठी दोनशे पौंड ठेवले, आणि त्या पैशांतून तिने समुद्रावर जायचे ठरवले. मे महिन्यात ती, बहीण शार्लट आणि मैत्रीण एलन नसी अशा तिघी आगगाडीने निघाल्या. चारच वर्षांपूर्वी झालेल्या, आम्ही आलो त्याच मार्गाने. वाटेत यॉर्कला मुक्काम करून तिने तिथले प्रचंड मंदिर पाहिले. स्कार्बरोला पोचल्यावर ती वाळूवर गाढवाच्या गाडीत बसली, आणि हाकणारा पोरगा गाढवाला फार पळवील म्हणून लगाम तिने स्वतःच्या हातात घेतला. दोन दिवसांनी, २८ मे रोजी, ती वारली. वय एकोणतीस. दगडावर मात्र अठ्ठावीस कोरले गेले. पुढे ब्राँटे सोसायटीने शेजारी नवी पाटी बसवली, तिच्यावर वय बरोबर आहे.

ती शेवटच्या दिवसांत राहिली ते घर आता नाही. तिथे १८६७ पासून ग्रँड हॉटेलची अवाढव्य इमारत उभी आहे. पण कबरीपाशी उभे राहिले की समुद्र दिसतो. मला वाटले, आजारी माणसाला एवढ्या प्रवासाला नेणे शहाणपणाचे की नाही, यावर त्या घरी किती वाद झाला असेल! पण तिची इच्छा होती, पैसा तिचा होता, आणि सोबत येणारी मैत्रीण होती. या तीन गोष्टी जुळल्या म्हणून ती समुद्र पाहू शकली. नागपूरच्या काकूंनी देवळाच्या आवारातले एक गवतफूल उचलून तिथे ठेवले. आयुष्यभर आजाऱ्यांची सेवा केलेल्या बाई त्या. त्यांना जास्त समजले असेल.

सहाच्या सुमाराच्या गाडीने परत निघालो. त्या लांबलचक बाकावर दहा मिनिटे बसून घेतले. एक गोष्ट मात्र जाता जाता सांगते. आपल्याकडे समुद्रावर जायचे ते संध्याकाळी, सूर्य बुडताना पाहायला. तिकडे किनारा पूर्वेचा. सूर्य समुद्रातून उगवतो आणि मावळायला गावामागे जातो. बेहेनजी म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी पहाटे यायला हवे, म्हणजे मुक्काम करावा लागेल." चाळीस वर्षांत न आलेल्या बाई पहिल्याच दिवशी मुक्कामाची भाषा बोलू लागल्या! मी परत आल्यावर कळले की त्यांचा तो मुक्कामही झाला.

आता इतिवृत्ताच्या वहीकडे वळते. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत गेली तीन वर्षे "एक दिवसाची सहल काढावी" हा ठराव येतो, आणि तीन वर्षे त्यापुढे "पुढील वर्षी विचार व्हावा" असे लिहिले जाते. वही चिटणीसबाईंकडे आहे, कोणीही पाहावी. आक्षेप चारच आहेत. घरचे कोण बघणार? गुडघे दुखणाऱ्यांचे काय? खर्चाचे काय? आणि समुद्र म्हणजे जिवाची भीती.

आपण बोरिवलीकर बायका. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी बायकांसाठीची खास लोकल सुरू झाली, तिने आपल्यापैकी कित्येकींनी वर्षानुवर्षे प्रवास केला. गाडीत भाजी निवडली, डोहाळजेवणे केली, निरोप दिले. म्हणजे आगगाडी आपल्याला नवी नाही. पण ती आपल्याला नेहमी कामाला नेत आली. त्याच फलाटावरून उलट्या दिशेला, उत्तरेकडे, डहाणूपर्यंत २०१३ पासून लोकल जाते. विरार सोडले की वैतरणेचा पूल, मग मिठागरे, मग झाडी. केळवे रोडला उतरावे, रिक्षाने केळव्याच्या किनाऱ्यावर जावे. सुरूचे बन आहे, शीतलादेवीचे देऊळ आहे. आणखी पुढे घोलवडला उतरले तर चिकूच्या वाड्या आणि बोर्डीचा शांत किनारा. आपला उत्तरेचा समुद्र आपल्या फलाटापासून एका गाडीवर आहे.

आक्षेपांची उत्तरे मी माझ्या पदरची देत नाही, त्या मंगळवारची देते. घरचे एक दिवस घरच्यांनी बघावे. लीड्समधली पाचही घरे संध्याकाळी जागच्या जागी होती. गुडघ्यांसाठी नियम असा की सर्वांत हळू चालणारीच्या पायाने सर्वांनी चालायचे, आणि जिला चढायचे नसेल तिच्यासोबत एकीने बसायचे. खर्चासाठी भिशी : आजपासून दर महिन्याला प्रत्येकीने झेपेल तेवढे, पण स्वतःच्या पैशातले, कोषाध्यक्षाबाईंकडे द्यावे. जिला ते जमणार नाही तिचे तिकीट मंडळाने काढावे, आणि कोणाचे काढले ते वहीत नाव घालून लिहू नये. समुद्रासाठी खबरदारी : पावसाळा टाळायचा, भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवायची, तिथल्या कोळणींना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल घालायचे नाही, आणि घोट्याच्या वर पाणी नको. परतीची गाडी कोणती हे जायच्या गाडीआधी ठरवायचे.

आणि एक अट माझ्याकडून. नातवंडे, यजमान, भाचेमंडळी यांपैकी कोणालाही सोबत आणायचे नाही. त्यांच्यावर आपला लोभ नाही म्हणून नव्हे. बेहेनजी काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलेच आहे.

रथसप्तमी झाली की आपली हळदीकुंकवे आटोपतात. त्यानंतरचा पहिला मंगळवार मी सुचवते. या मंडळात बहात्तर वर्षांच्या एक आजी आहेत. त्या समोरच्या रांगेत बसल्या आहेत, मी नाव घेत नाही. गेल्या तिन्ही वर्षी तो ठराव त्यांनीच मांडला होता. या वर्षी तो मी मांडते, आणि अनुमोदन त्यांनी द्यावे अशी त्यांना विनंती करते. म्हणजे पुढच्या स्मरणिकेत केळव्याची हकीकत त्यांना लिहिता येईल, आणि माझे हे स्कार्बरोचे पुराण कोणाला दुसऱ्यांदा ऐकावे लागणार नाही.